गाडीच्या किमतीशी बुशचा काय संबंध?

जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचा विषय निघाला की एक त्रैराशिक हमखास ऐकायला मिळतं. गाडीला बाजारात फार तर 1 लाख येतील. पुढच्या बाजूचं सगळं काम काढलं तर 25-30 हजार जातील. म्हणजे गाडीच्या पाव किमतीहून जास्त पैसे नुसत्या रबरात आणि नटबोल्टांत. त्यापेक्षा आवाज येतोय तर येऊ द्या, वर्षभर रेटा आणि मग देऊन टाका.

हे सांगणारे लोक अडाणी नसतात. आमच्या चामराजपेटेत तर ते बहुधा जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले असतात. संध्याकाळी फिरायला निघाले की कुणाच्याही गाडीचा खडखडाट कान देऊन ऐकतात आणि मराठीत, कन्नडात, गरज पडली तर इंग्रजीतही हाच सल्ला देतात. ‘पाव किंमत’ हे शब्द कानावर पडले की समोरचा गप्प होतो. एवढा मोठा आकडा ऐकल्यावर कोण वाद घालणार?

मी घालतो. या हिशेबातला भागाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याला ज्या आकड्यानं भागलंय, त्या दोघांची गाठ घालायचं कारणच नाही. पावसाळ्याआधी कोकणात घर शाकारायला घेतात तेव्हा घराला बाजारात किती येतील याची चौकशी कुणी करत नाही. घरात राहायचं आहे, पाऊस येणार आहे, एवढं पुरतं. गाडी विकायची असेल तर तिची बाजारभावाची किंमत कामाची. चालवायची असेल तर प्रश्न एवढाच, की हे 25 हजार खर्चले नाहीत तर त्यांच्या जागी काय खर्चावं लागेल.

तोही हिशेब मांडून पाहू. समजा गाडी दिली आणि 8 लाखांची नवी घेतली. कर्नाटकात आजीवन वाहनकर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे. 5 ते 10 लाखांच्या गटातल्या गाडीवर तो 14 टक्के, आणि त्या करावर पुन्हा 11 टक्के अधिभार. 8 लाखांवर 1,12,000 कर, वर 12,320 अधिभार. मिळून 1,24,320 रुपये. गाडीचा एकही नट विकत घेतलेला नाही, विमा उतरवलेला नाही, कर्जाचा पहिला हप्ता गेलेला नाही, आणि जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन चारदा नवं करता येईल एवढा पैसा आरटीओच्या तिजोरीत पोहोचलेला आहे. पाव किमतीचं त्रैराशिक मांडणाऱ्यांच्या कागदावर ही ओळ मला आजवर दिसलेली नाही.

‘नवी कशाला, 3 लाखांची जुनी घ्या’ असं कुणी म्हणेल. घ्या की. पण तिच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश कुणी पाहिलेत? आपल्या गाडीची दुखणी आपल्याला ठाऊक असतात. परक्या गाडीची दुखणी पैसे मोजून झाल्यावर कळतात. आणि ‘वर्षभर रेटून मग विकू’ या बेतात एक छुपं गृहीत आहे. तो 1 लाखाचा भाव न वाजणाऱ्या गाडीचा असतो. वाजणारी गाडी घेऊन गिऱ्हाईक पहिल्या हंपवरून गेलं की दुरुस्तीचा खर्च तो स्वतःच्या मनानं धरतो, आणि तो अंदाज गॅरेजच्या बिलापेक्षा कधीच कमी नसतो.

आता हा सल्ला आला कुठून, हेही पाहायला हवं, कारण तो सरसकट खोटा नाही. मुंबई, कोकण, गोवा इकडे तो खरा ठरू शकतो. समुद्राची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीचा तळ आतून खातो. तिथे जुन्या गाडीचं शरीर आधी जातं. शॉकअपचं वरचं टोक ज्या पत्र्याला बोल्ट होतं तो पत्राच पोखरला असेल तर त्यात नवा शॉकअप बसवणं म्हणजे पैसे फेकणं, यात वाद नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं उदाहरण अनेकांच्या डोक्यात असतं. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती, आणि टॅक्सीला घातलेली 20 वर्षांची मर्यादा भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. ती मर्यादा सरकारनं घातलेली, तीही भाड्यानं अहोरात्र फिरणाऱ्या वाहनाला. घरच्या गाडीला ती लावायचं कारण नाही.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथे 2005 सालची गाडी रॅम्पवर घेतली तर तळ कोरडा, पत्रा शाबूत. इंजिन नीट तेल बदलत ठेवलं तर चालतंच. जातं ते रबर. शहराच्या हवेतला ओझोन, इंजिनाची उष्णता, गळणारं तेल आणि रोजचं पिळवटणं यांनी ते कडक होतं, चिरतं, धातूपासून सुटतं. मुंबईत सस्पेन्शनच्या आधी शरीर मरतं, इथे शरीराच्या कितीतरी आधी सस्पेन्शन. तरीही मुंबईहून, नाहीतर कोकणातल्या भावाकडून आलेला सल्ला आपण जसाच्या तसा इथल्या गाडीला लावतो.

ज्यांना पुरावा हवा त्यांनी सिरसी सर्कलपाशी अर्धा तास उभं राहावं. चामराजपेटेच्या या टोकाला म्हैसूर रस्ता सुरू होतो, आणि याच रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर बिडदी आहे. टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीतली क्वालिस 2000 साली तिथून बाहेर पडू लागली आणि 2005 मध्ये बंद झाली. (बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, आणि त्याच घराण्याचं नाव नव्वद वर्षांनी कर्नाटकातल्या मोटारीशी जोडलं गेलं, हा योग मराठी माणसाला सुखावतो, एवढंच.) आज एकही क्वालिस वीस वर्षांच्या आतली नाही. तरी त्या दिसतात. भाजी वाहतात, लग्नाची मंडळी वाहतात, सहज लाखांच्या घरात किलोमीटर झालेल्या असतात. पुढे टॉर्शन बार, मागे कमान पाटे, अशी साधी रचना. त्यांचे मालक भावनाप्रधान नाहीत, धंदेवाईक आहेत. पाट्याचा बुश गेला की बदलतात, कारण गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. बाजारात गाडीला किती येतील हा प्रश्न त्यांना बुश बदलताना पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे आणि जास्त चुकीचा. ‘रस्तेच असे आहेत, नवीन घातलं तरी चार महिन्यांत वाट लागणार.’ रस्त्यांबद्दलचं म्हणणं मान्य. आलूर वेंकटराव रस्ता घ्या. टिळकांचं ‘गीतारहस्य’ कन्नडात नेणाऱ्या गृहस्थांचं नाव त्याला आहे, जुनी मंडळी अजून आल्बर्ट व्हिक्टर रोडच म्हणतात. तो किंवा त्याला फुटणारा कुठलाही क्रॉस घ्या. 1892 च्या सुमाराला आखलेली ही वस्ती, रस्ते सरळ, काटकोनातले, आखणी देखणी. वर मात्र दरवर्षी कुणीतरी काहीतरी खणतं आणि बुजवताना अर्धवट बुजवतं. महापालिका जाऊन 2025 मध्ये ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आलं, खड्ड्यांना त्याची वार्ता नाही.

हंपची गोष्ट तर निराळीच. इंडियन रोड काँग्रेसच्या संहितेत गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. रुंदी 3.7 मीटर, मधोमध उंची 10 सेंटिमीटर, 17 मीटर त्रिज्येचा गोलावा. ताशी 25 किलोमीटरनं गाडी त्यावरून सुखानं जावी असा हिशेब. आमच्या क्रॉसवर एका घरमालकानं गवंडी लावून जो काढून घेतलाय तो हातभर रुंद आहे आणि उंचीला पायरीएवढा. त्यावर चाक चढत नाही, आदळतं.

पण या सगळ्यातून निष्कर्ष काय निघतो? रस्ता वाईट म्हणून सस्पेन्शन लवकर झिजतं, म्हणून ते जास्त वेळा बघावं लागतं. ‘म्हणून बघूच नये’ हे त्यातून कसं निघालं? चांगल्या रस्त्यावर मेलेला शॉकअप कदाचित वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच शॉकअप चाकाला उड्या मारू देतो, आणि हवेत असलेलं चाक ब्रेकच्या काही कामाचं नसतं. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायरचा रस्त्याला लागलेला भाग. शॉकअप बसण्याच्या सुखासाठी असतो असं समजणाऱ्यांनी पावसात, उतारावर, समोर शाळेची रिक्षा अचानक थांबल्यावर हे आठवून पाहावं.

आणि शॉकअप मरताना बोलत नाही, हा खरा घात आहे. लिंक रॉड गेला की कटकट करतो, वरचं माउंटिंग गेलं की स्टिअरिंग वळवताना कुरकुरतं, चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बुश गेला की ब्रेक मारताना ठक् वाजतो. शॉकअपमधलं तेल हळूहळू पातळ होतं, आतले व्हॉल्व्ह झिजतात, आणि गाडी रोज कणभर जास्त डोलू लागते. चालवणारा त्याला सवयीनं जुळवून घेतो. वळणावर थोडा आधी वेग कमी करतो, हंपवर थोडा जास्त थांबतो, आणि ‘माझी गाडी अजून मस्त आहे’ असं खऱ्या मनानं सांगतो. गाडीचा कोपरा दाबून ती किती डोलते ते पाहायची जुनी परीक्षाही अपुरी आहे. पूर्ण मेलेला शॉकअप ती पकडते, अर्धा मेलेला तिच्यातून सुटतो. तेव्हा ‘आवाज नाही म्हणजे सस्पेन्शन ठीक’ आणि ‘आवाज आहे पण चालेल’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच घातक वाटतात.

आता तिसरा आक्षेप. हा सर्वांत वजनदार, कारण तो अनुभवातून आलेला असतो. ‘बदललं होतं हो. सहा महिन्यांत परत तोच आवाज. म्हणून सांगतो, जुन्या गाडीला काही उपयोग नाही.’ अनुभव खरा आहे. त्याचं खापर मात्र गाडीच्या वयावर फोडलं जातं, आणि ते फोडायला हवं कामावर.

लोअर आर्मचा बुश म्हणजे काय, ते एकदा हातात घेऊन पाहावं. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि दोहोंच्या मधे दोघांना चिकटवून भाजलेलं रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की नळी फ्रेमला घट्ट होते. त्यानंतर आर्म जो वरखाली हलतो तो रबराच्या पिळण्यातून. काहीही फिरत नाही, काहीही सरकत नाही, फक्त रबर थोडं या बाजूला आणि थोडं त्या बाजूला पिळतं. आता गाडी जॅकवर आहे, चाक खाली लोंबतंय, आर्म खालच्या टोकाला गेलाय, आणि मेकॅनिकनं त्याच अवस्थेत बोल्ट आवळला. गाडी खाली उतरली, वजन आलं, आर्म वर गेला. रबर आता गाडी उभी असतानाही पिळलेलं आहे. रात्रभर पार्किंगमधे पिळलेलं. प्रत्येक हंपवर ते आणखी पिळतं, आणि काही महिन्यांत नळीपासून सुटतं. योग्य पद्धत एवढीच, की बोल्ट आधी सैल बसवायचा, गाडी चाकांवर उतरवून किंवा आर्मखाली जॅक देऊन नेहमीच्या उंचीला आणायची, आणि मग शेवटचा आवळा द्यायचा. त्यासाठी खड्डा नाहीतर चार चाकं टेकवून वर उचलणारा रॅम्प लागतो, आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. ही दहा-पंधरा मिनिटं वाचवली जातात, आणि ‘जुन्या गाडीला उपयोग नाही’ ही म्हण तयार होते.

नवा शॉकअप आणि जुनं माउंटिंग ही दुसरी काटकसर. आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकअप हा नुसता झटके शोषणारा नळा नाही. चाक उभं धरणारा खांबही तोच, आणि स्टिअरिंग वळवलं की तो स्वतः वळतो, वरच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगवर. एकदा स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडला की माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचं रबर हे सगळं हातात आलेलं असतं. मजुरी दिलेलीच आहे. तिथे काही शे रुपयांचं रबर ‘अजून चालेल’ म्हणून परत घालायचं, आणि मग नव्या शॉकअपवर जुना आवाज ऐकून शॉकअपच्या कंपनीला शिव्या घालायच्या. शॉकअप एका बाजूचाच बदलणं हाही त्याच जातीचा प्रकार. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ढिला अशी गाडी ब्रेक मारल्यावर कुठे ओढेल याचा नेम नाही.

तिसरी गोष्ट मालाची. चामराजपेटेहून चालत गेलात तरी कलासीपाळ्या आणि जे. सी. रोड हाकेच्या अंतरावर आहेत. सुट्या भागांचा एवढा बाजार दक्षिणेत फार थोड्या शहरांत असेल. तिथे एकाच लोअर आर्मचे चार भाव मिळतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, तोच भाग बनवून कंपनीला पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, दुसऱ्या नावाचा स्थानिक, आणि पहिल्या दोघांचा डबा हुबेहूब छापलेला नकली. शहाणपण दुसऱ्या प्रकारात आहे. शॉकअपचंच घ्या. गॅब्रिएल इंडिया 1961 मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली, आज चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत, आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना जो माल जातो त्याच घरचा माल दुकानातही मिळतो. अशा पुरवठादाराच्या डब्यात गाडीच्या कंपनीच्या नावाचे पैसे द्यावे लागत नाहीत. चौथ्या प्रकाराचा भाव मात्र ऐकताच ओळखू यावा. तो नेहमी निम्म्याहून कमी असतो, आणि दुकानदार पक्कं बिल द्यायला कां-कूं करतो. ‘बदललं आणि सहा महिन्यांत गेलं’ म्हणणाऱ्या किती जणांनी बिल मागितलं होतं?

आणि अलाइनमेंट. सस्पेन्शनचं काम करून अलाइनमेंट न करता गाडी घरी नेणारे लोक आहेत, आणि ते पुन्हा खर्चाच्या नावानं रडणारेच असतात. साधी भूमिती आहे. चाकाची दिशा 1 अंशानं चुकली तर ते चाक दर किलोमीटरला साधारण 17 मीटर आडवं घासतं. अर्धा अंश चुकली तर साडेआठ मीटर. एवढी चूक डोळ्याला दिसत नाही, टायरला दिसते. हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. टायरचा नवा जोड आज काय किमतीला येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी सैल टाय रॉड एंड आणि सुटलेला बुश यांच्यावर वाचवलेल्या पैशांची बेरीज टायरच्या बिलातून वजा करावी. माझ्या मते तिथेच या सगळ्या काटकसरीचा निकाल लागतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग सरळ सगळंच बदलून टाकावं. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपांत हेच सांगतात. गाडीचे किलोमीटर पाहिले की संगणकातून छापील यादी निघते: दोन्ही आर्म, दोन्ही शॉकअप, लिंक, रॅक एंड, टाय रॉड, चारही माउंटिंग, ‘पॅकेज’. अशी एक यादी माझ्याही हातात पडली होती. गाडी अजून वर उचललेलीसुद्धा नव्हती. जे लोक ‘काहीच नको’ म्हणतात ते बऱ्याचदा अशाच यादीला घाबरलेले असतात, आणि त्या भीतीला मी दोष देत नाही. पण ती यादी आणि ते त्रैराशिक हे एकाच आळसातून निघालेत. दोघांनाही गाडीखाली जायचं नाही.

आमच्या भागातल्या एका बोळात एक वयस्कर मेकॅनिक आहे, त्याची पद्धत सांगतो. तो आधी गाडीत शेजारी बसतो आणि दोन ठिकाणी नेतो. पहिल्यांदा सरळ, रस्ताभर आडव्या हंपवर, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी. मग कडेच्या खड्ड्यात एकच चाक जाईल अशी. दोन्ही चाकं बरोबर वर गेली की स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही, त्यामुळे गेलेला लिंक रॉड सहसा गप्प राहतो. एकच चाक खाली गेलं की बार पिळतो आणि लिंक वाजतो. म्हणजे आडव्या हंपवर आवाज आला तर संशय माउंटिंगवर, बुशवर. एकाच चाकाच्या खड्ड्यात आला तर आधी लिंक. म्हैसूर रस्त्याच्या लांब उड्डाणपुलाचे सांधेही तो वापरतो. काच खाली, रेडिओ बंद, एकाच वेगानं.

मग जॅक आणि स्टँड. चाक वरखाली धरून हलवतो, ढिलं लागलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. डावीउजवीकडे धरून हलवतो, ढिलं लागलं तर टाय रॉड एंड. त्यानंतर टॉमी घेऊन लोअर आर्म आणि फ्रेमच्या मधे हळूच दाब देतो. माझ्या समोर त्यानं मागच्या बुशला दाब दिला तेव्हा रबर आतल्या नळीपासून बोटभर सुटून काळी फट उघडली, दाब सोडला की मिटली. ‘बुश होगिदे सर.’ बुश गेलाय. मग टॉर्च बॉल जॉइंटवर धरला, रबरी टोपी कुठे फाटली आहे का पाहिलं, आर्म ओढून पाहिला. ‘इदु चेन्नागिदे.’ हे चांगलं आहे, आणि म्हणून त्यानं ते बदललं नाही. पैसे घ्यायची संधी होती, मी नाहीही म्हटलं नसतं.

या पद्धतीनं पाहिलं की 25-30 हजारांचा तो घाबरवणारा आकडा बहुतेक वेळा एकदम लागतच नाही. गाडीला एक वय नसतं. तिचा पत्रा वीस वर्षांचा, बॉल जॉइंट पाच वर्षांचा, बुश कालचा असू शकतो. क्रम मात्र ठरलेला असावा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांत ढिलेपणा असेल तर गाडी तिथेच ठेवायची, पगाराची वाट बघायची नाही, कारण तो सांधा निखळला तर चाक दुमडतं. शॉकअप आणि आर्मचे बुश त्यानंतर, जोडीनं. लिंक रॉड कटकटतो पण लगेच जीव घेत नाही, तो महिनाभर थांबला तरी चालेल.

भंगार धोरणाचं कारणही अलीकडे पुढे केलं जातं. ‘15 वर्षं झाली की सरकार गाडी घेऊनच जाणार, मग कशाला खर्च?’ हे साफ चूक आहे. 2021 चं केंद्राचं धोरण खासगी गाडीला वयावरून भंगारात काढत नाही. दिल्लीचे निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते, ते इथे लागू नाहीत. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी तपासणी करून पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क 600 वरून 5,000 रुपयांवर नेलं, हे खरं, आणि ते जाचक आहे हेही खरं. पण ज्या गाडीला तपासणीत उभं करायचं आहे तिचे सांधे ढिले ठेवून काय साधणार? पुण्याहून बदली होऊन एमएच नंबरची जुनी गाडी घेऊन आलेल्यांची तऱ्हा वेगळी आहे. 12 महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. ती रक्कम धरून गाडी न परवडणं मी समजू शकतो. तिथे गाडी देऊन टाकायला कारण आहे, फक्त ते कारण कराचं आहे, बुशचं नाही.

माझाही आग्रह प्रत्येक जुनी गाडी वाचवण्याचा नाही. अपघातात चेसिस वाकलेली, गिअरबॉक्स आणि इंजिन दोन्ही खर्चावर आलेली, किंवा किनाऱ्यावर दहा पावसाळे उघड्यावर काढून इथे आलेली गाडी असेल, तर आधी माउंटिंगच्या भोवतीचा पत्रा टोचून पाहावा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर पुढची चर्चाच नको. नाही गेला, तर गाडीखाली जाणारा माणूस शोधावा, बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत मागावेत, पक्कं बिल घ्यावं, आणि शेवटचा बोल्ट आवळताना चारही चाकं जमिनीवर आहेत ना, हे स्वतः वाकून बघावं.